तळघरातली दुसरी साक्ष

इस्पितळाच्या तळघरात, धुलाईघराच्या पलीकडे, एक खोली होती आणि त्या खोलीत बारा महिने हुडहुडी भरायची. बाहेर माणसं घामाने निथळत असली तरी त्या खोलीत काम करणारी दोघं स्वेटर घालून कामावर यायची. जिन्यात भेटले की वॉर्डबॉय विचारायचे, "काय ताई, निघालात का बर्फात?" आणि ताई म्हणायच्या, "चल की तूही. डोकं तरी थंड होईल तुझं."

या ताई म्हणजे दिवेताई. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. दिवेताई हे नाव दारावरच्या पहारेकऱ्याने पाडलं. ती रोज सकाळी येऊन एका लोखंडी कपाटासमोर उभी राहते आणि एकेक दिवा निरखत जाते, हे त्याने काचेतून पाहिलं होतं. नाव असं चिकटलं की मोठे सर्जनसुद्धा फोनवर "दिवेताई आहेत का?" असंच विचारू लागले. तिला ते आवडायचं. पन्नाशीला टेकलेल्या बाईला कोणाची बायको, कोणाची सून, कोणाची वहिनी यापलीकडे स्वतःच्या कामावरून नाव मिळणं ही काही लहानसहान गोष्ट नाही. रंगमंचावर आयुष्य काढलेल्यांनाही ते सगळ्यांनाच मिळतं असं नाही.

तर ते कपाट. वरच्या मजल्यांवर हाडांचे, मेंदूचे, हृदयाचे जे फोटो निघत, ते सगळे तळघरातल्या डिस्कांवर साठत. वर डॉक्टरने एखादा फोटो मागितला की त्याच्या पडद्यापासून या डिस्कांपर्यंतची वाट जोडून द्यायची, हे त्या कपाटाचं काम. त्याला म्हणायचं स्टोरेजचा स्विच. त्याच्या सांगाड्यात खणांसारखी कार्डं सरकवलेली असत. वरखाली केबलींची कार्डं, मागे पंखे, तळाशी वीज, आणि मधोमध हुकूम चालवणारी दोन कार्डं. दोनातलं एक काम करायचं. दुसरं नुसतं तयार बसायचं. रंग लावून, वेष चढवून, सगळं नाटक तोंडपाठ करून विंगेत उभ्या असलेल्या बदली नटासारखं. मुख्य नट कोसळला तर त्याच वाक्यापासून पुढे बोलायला. दिवेताईची या दुसऱ्या कार्डावर फार माया. वर्षानुवर्षं उभं राहायचं आणि प्रवेशच मिळायचा नाही, म्हणजे काय असतं! जाता येता ती त्याच्यावरची धूळ बोटाने टिपायची.

प्रत्येक कार्डाच्या कपाळावर एक बारीक दिवा. हिरवा म्हणजे ठीक. नारिंगी म्हणजे काहीतरी बिनसलंय. लाल म्हणजे संपलं. आणि हेच सगळं टेबलावरच्या पडद्यावरही दिसायचं. हुकूम टाइप केला की कार्डांची यादी उमटायची, प्रत्येकापुढे त्याची तब्येत.

मग दोन्ही कशाला बघायचं? ही शिस्त खोली सुरू करणाऱ्या जुन्या मुख्य तंत्रज्ञाने लावली होती. तो म्हणायचा, "पडदा कार्डाबद्दल सांगतो, पण ऐकीव. दिवा स्वतः कार्ड लावतं. दोघांची साक्ष काढा, वेगवेगळी काढा." म्हणून रोज सकाळी फेरी व्हायची. एकाने कपाटासमोर उभं राहून दिव्याचा रंग मोठ्याने सांगायचा. दुसऱ्याने पडद्याकडे तोंड करून, तो रंग ऐकल्यावर, पडदा काय म्हणतो ते वाचायचं. आधी दिवा, मग पडदा. दोघांनी एकमेकांकडे बघायचं नाही.

दिव्यापाशी दिवेताई. पडद्यापाशी तिचा जोडीदार, तिशीतला, गुणगुणल्याशिवाय ज्याला टाइप करता येत नसे, म्हणून गवई.

"गवईबुवा, आज कुठला राग?"

"ताई, झोप झाली नाही, तो राग."

"मग बेसूर असणारच. चला, एक नंबर, हिरवा."

"एक नंबर, ठीक."

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. आणि मग दिवेताईच्या मानेत गाठ आली.

क्षयाची गाठ. माणूस मरत नाही हल्ली त्याने, पण गोळ्या महिनोन् महिने गिळाव्या लागतात. गोळ्या देतानाच डॉक्टरांनी बजावलं होतं, "यातली एक डोळ्यांवर जाऊ शकते. रंग फिके वाटले की त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही." दिवेताईने मान हलवली होती. पण रंग काही दार वाजवून जात नाहीत. आधी लाल जरा मळका झाला. मग हिरव्यातला ओलावा गेला. एका सकाळी ती कपाटासमोर उभी राहिली आणि सगळ्या दिव्यांचा रंग तिला एकच दिसला, पिठात कालवल्यासारखा. दिवा पेटलाय की विझलाय एवढं कळायचं. हिरवा की नारिंगी, ते कळेना.

त्या सकाळी ती सरळ जिना चढून डोळ्यांच्या विभागात गेली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण या खोलीत नेमणूक करताना रंगांची परीक्षा घेतात. ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वाचून दाखवावे लागतात. ते वाचता येत नाहीत हे कळलं की त्याच दिवशी खोलीबाहेर. गाठ तर आता बसत चालली होती, गोळ्याही कधीतरी संपणार होत्या, मग रंग परत येतील, तेवढे दिवस काढू, असं तिने मनाशी ठरवलं. माणूस स्वतःशी जेव्हा इतकं गोड बोलतो, तेव्हा समजावं की तो घाबरलेला आहे.

घरी ते फार दिवस लपलं नाही. नवरा शिंपी. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला लाकडी खुंट्यांवर दोऱ्यांची रिळं.

"अगं, तो चॉकलेटी दे जरा."

तिने दिला. त्याने सुईत ओवायला घेतला आणि थांबला. "हा शेवाळी आहे."

"चॉकलेटीच आहे तो."

"बरं बाई, चॉकलेटी. गिऱ्हाईक विजार घालून झाडाखाली उभं राहिलं तर सापडायचं नाही." तो हसला. ती हसली नाही. मग त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि त्याचंही हसू उतरलं. "कधीपासून?"

"थोडे दिवस झाले."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगते."

"आणि ऑफिसात?"

"अहो, सांगते म्हटलं ना!"

त्यानंतर त्याने तिच्याकडे रीळ कधी मागितलं नाही. स्वतः उठायचा, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत, आणि स्वतः काढून घ्यायचा.  बोलला असता तर बरं, असं तिला वाटायचं.

आणि खोलीत तिने एक केलं. केलं म्हणजे अगदी लहानसं. गवईला म्हणाली, "घसा फार दुखतो रे गाठीमुळे. तू आधी वाचत जा, मी मागून नुसतं हो-नाही म्हणेन. ओरडावं लागत नाही मग." गवई म्हणाला, "ताई, तुम्ही नुसती मान हलवलीत तरी चालेल." भला माणूस. त्या दिवसापासून फेरीचा क्रम उलटा झाला. तो म्हणायचा, "एक नंबर, ठीक," आणि ती म्हणायची, "हिरवा." तो म्हणायचा, "दोन नंबर, ठीक," ती म्हणायची, "हिरवा." प्रॉम्प्टरच्या आवाजावर उभं राहिलेलं नाटक जसं बाहेरून अगदी बिनचूक दिसतं, तशी ती फेरी बिनचूक दिसायची. एकदा एक पंखा खरोखरच बिघडला, गवईने "पंखा, बिघाड" असं वाचलं आणि ती लगेच म्हणाली, "नारिंगी!" वर गवईच तिला म्हणाला, "तुमची नजर म्हणजे नजर आहे ताई."

असे काही महिने गेले. मग एका आठवड्यात नेमका जोडीचा दुसरा स्विच दुरुस्तीला उघडलेला होता. एरवी फोटोंना दोन वाटा. एक बंद पडली तर दुसरी. त्या आठवड्यात एकच. विभागाचे साहेब स्वतः खाली येऊन सांगून गेले होते, "फेरी नीट करा. सध्या एका पायावर उभे आहोत."

त्याच आठवड्यात एका सकाळी गवई खुशीत होता. बहिणीचं लग्न ठरलं होतं.

"सहा नंबर, ठीक."

"हिरवा. मुलगा काय करतो?"

"बेकरी आहे. सात नंबर, ठीक."

"हिरवा. म्हणजे पाव फुकट."

"ताई, तुम्ही लग्नाला यायचं. आठ नंबर, ठीक."

"हिरवा. न बोलावता येईन."

सात नंबरचा दिवा नारिंगी होता. हुकूम चालवणारं मुख्य कार्ड आतून अडकलं होतं. ते पूर्ण कोसळलं नव्हतं, म्हणून विंगेतल्याला प्रवेश मिळाला नव्हता. आणि पडद्यावर ते आदल्या दिवशीचीच तब्येत पुन्हा पुन्हा दाखवत होतं. सगळं ठीक, सगळं ठीक. खरं बोलत होता तो एकटा दिवा, आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या बाईला तो वाचता येत नव्हता.

भर दुपारी सात नंबरने काम सोडलं, पण जागा सोडली नाही, म्हणून बदलीला प्रवेश मिळालाच नाही.

एकाच वेळी खोलीतले सगळे फोन वाजू लागले. हाडांचा विभाग, हृदयाचा विभाग, शस्त्रक्रियागृह. "फोटो उघडत नाहीत!" "पडदा काळा आहे!" एक बाई डॉक्टर तर किंचाळतच होती, "माझ्यापुढे डोक्यात रक्तस्राव झालेली पेशंट आहे. फोटो काढलाय, दिसत नाहीये. मी काय अंदाजाने कवटी उघडू?"

गवई पडद्यावर हुकूम मारत होता. "सगळं ठीक दाखवतंय, ताई! सगळं ठीक!" स्विच बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो तिकडून शांतपणे म्हणाला, "पडदा सोडा. दिवे सांगा." गवई तिच्याकडे वळला. ती कपाटासमोर उभी होती, हात अंगाशी घट्ट धरून. "ताई, दिवे सांगा. ताई!"  मग तो स्वतःच धावला.

"सात नंबर लाल आहे," तो फोनमध्ये म्हणाला. "आणि नऊ नारिंगी." त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. पण त्या घाईत विचार करायला कोणाला सवड होती? नऊ नंबरच्या केबली उपटून शेजारच्या कार्डात घातल्या, मुख्य कार्डाला सक्तीने खाली बसवलं, बदलीचं कार्ड उठलं. वर एकेक पडदा उजळत गेला.

तोवर त्या पेशंटला गाडीत घालून दुसऱ्या इस्पितळात नेलं होतं. शाळेत चित्रकला शिकवणारी बाई होती ती. जगली. पण वाचा गेली आणि उजवा हात गेला. तो उशीर झाला नसता तर वाचली असती का वाचा? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. दिवेताईने त्यांना परत परत विचारलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर. सांगता येत नाही.

चौकशी झाली ती साहेबांच्या खोलीत. साहेब सज्जन होते, आवाज चढवत नसत, आणि म्हणूनच त्यांच्यापुढे बसायला धीर लागायचा. फरशी पुसणाऱ्या बाईने सांगितलं होतं की सकाळी पोछा मारतानाच एक दिवा संत्र्यासारखा दिसत होता. "मला वाटलं, असेल तसाच. दिवेताई आहेत ना बघायला."

साहेब गवईकडे वळले. "ताईंच्या नजरेतून नारिंगी दिवा सुटेल, हे मी मानत नाही. पंख्याच्या वेळी त्यांनी एका क्षणात सांगितलं होतं. याचा अर्थ एकच. त्या दिवशी तू फेरी केलीच नाहीस. पडदा वाचलास आणि मोकळा झालास. बहिणीच्या लग्नाच्या नादात."

"नाही हो साहेब! फेरी झाली. ताई, तुम्हीच सांगा ना."

दिवेताई म्हणाली, "फेरी झाली होती, साहेब." पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आलेलं होतं. पण साहेब तिच्याकडे इतक्या कौतुकाने बघत होते! "ताई, तुम्ही त्याला पाठीशी घालणार, ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "मोठ्या मनाच्या आहात. पण हे पाठीशी घालण्यासारखं नाही." आणि तिने ते वाक्य गिळलं. उद्यापासून गवईने खाली यायचं नाही, असं ठरलं. गवई उठला. मागे सरकवलेली खुर्ची भिंतीवर आदळली. तेवढाच आवाज.

घरी तिने ताट वाढून घेतलं आणि तशीच बसली.

"त्या गाणाऱ्या पोराला काढलं म्हणे," नवरा म्हणाला. पहारेकरी त्याचं गिऱ्हाईक होता.

"काढला नाही. बाजूला केलाय."

"कोणाच्या जागी?"

तिने मान वर केली नाही. त्याने मशीनवर कापड झाकलं, दिवा मालवला आणि आत गेला. रागावला असता, भांडला असता, तर तिला भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साहेबांच्या दारात उभी राहिली. "साहेब, जरा खाली याल? आणि गवईलाही बोलवा. तो सामान न्यायला आलाय, पहारेकऱ्यापाशी बसलाय."

तिघं त्या थंड खोलीत उतरले. दुरुस्तीचा दुसरा स्विच अजून तसाच उघडा होता, काही दिवे पेटलेले, काही विझलेले. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, फेरी घ्या माझी. गवई वाचणार नाही. तुम्ही नुसतं बोट ठेवा आणि रंग विचारा."

"हा काय प्रकार आहे, ताई?"

"ठेवा ना बोट."

साहेबांनी वरच्या कार्डावर बोट ठेवलं. "हा?"

ती वाकली. अगदी नाक टेकेपर्यंत वाकली. पिठाचा ठिपका. "पेटलेला आहे," ती म्हणाली.

"ते मलाही दिसतंय. रंग?"

"मला माहीत नाही."

"आणि हा?"

"माहीत नाही."

"ताई, हा तर..." साहेब थांबले. बोट तिसऱ्या दिव्यापाशी अर्धवट वर राहिलं. मग त्यांनी ते हळूच खाली घेतलं, एखाद्या माणसावर रोखलेलं बोट खाली घ्यावं तसं. "केव्हापासून?"

तिने सगळं सांगितलं. गोळी, पिठासारखे दिवे, घशाचा बहाणा, उलटा केलेला क्रम. पंख्याच्या वेळी रंग नव्हे, गवईचा आवाज कळला होता, हेही सांगितलं. रडली नाही. रडायचं तिने रात्रीच उरकलं असावं.

 "तुम्ही आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या विभागात जायचं," साहेब म्हणाले. "मी फोन करतो. गोळी आजच बंद झाली पाहिजे. आणि... या खोलीत आता..."

"ठाऊक आहे मला, साहेब."

"गवई, तू आजपासून कामावर आहेस. मी तुझ्यावर..."  ते जिना चढून गेले.

खोलीत पंख्यांची घरघर उरली. दिवेताईने स्वेटर काढला, घडी घातली, पिशवीत ठेवला. डबा घेतला. खणातला चष्म्याचा रिकामा डबा घेतला. गवई टेबलापाशी पाठमोरा बसला होता. त्याच्या आवाजासाठी ती थांबली, पण तो गुणगुणतही नव्हता.

"शिव्या दे रे," ती म्हणाली. "दे एक-दोन. मला बरं वाटेल."

"शिव्या कसल्या, ताई." तो वळला नाही. "मी दुसरंच मोजतोय. एवढे महिने रोज मी वाचायचो आणि तुम्ही हिरवा म्हणायचात. मला वाटायचं, आपण दोघं आहोत. चुकलो तर मागे कोणीतरी आहे. आणि मी इथे एकटाच होतो."

  तिने पिशवी खांद्याला लावली.

"लग्नाला येऊ नका," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "निदान आता नको. बहिणीला सगळं सांगितलंय मी, आणि ती फार चिडलीय. पुढे कधी घरी या."

"येईन," ती म्हणाली. येईल की नाही, ते तिलाही माहीत नव्हतं.

डोळ्यांच्या विभागात तिच्यापुढे ठिपक्यांचं पुस्तक ठेवलं गेलं. पहिल्या पानावरचा आकडा सगळ्यांनाच दिसतो, तो तिलाही दिसला. दुसऱ्या पानावर नुसते ठिपके. तिसऱ्यावर ठिपके. तरुण डॉक्टरीण एकेक पान उलटत होती आणि प्रत्येक पानापाशी नको तेवढी थांबत होती.

"परत येतील का रंग?" दिवेताईने विचारलं.

"काहींचे येतात. वर्षभरात. काहींचे थोडे येतात. लवकर आला असतात तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "आत्ताच सांगता येत नाही."

हेच उत्तर त्या चित्रकलेच्या बाईबद्दल मिळालं होतं, अगदी याच शब्दांत. दिवेताई पुस्तकातल्या ठिपक्यांकडे बघत राहिली.

"पुढचं पान दाखवा," ती म्हणाली.

"मावशी, पुढची पानंही अशीच आहेत. कशाला त्रास करून घेता?"

"असू देत. मी नाही दिसत म्हणेन. तुम्ही लिहून घ्या."

डॉक्टरणीने पान उलटलं.

"नाही दिसत," दिवेताई म्हणाली.